आईने लावलेली बोली

सौसरच्या आमच्या घरातल्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा आई जिवंत होती आणि त्याच घरात राहत होती. हे आधीच सांगून टाकते, कारण मी कोणाला सांगायला लागले की लोक मधेच विचारतात, "म्हणजे आई गेल्यावर ना?" नाही. आई होती. त्या दिवशी सकाळी तिनेच सगळ्यांसाठी पोहे केले होते, लिलाव करायला आलेल्या माणसांसाठीसुद्धा.

बाबांची सौसरला आरा मशीन होती. लाकूड चिरायचा धंदा. लोक सागाचे ओंडके घेऊन यायचे आणि चौकटी, फळ्या घेऊन जायचे. ओंडक्यांबरोबर कधीकधी जुनं फर्निचरही यायचं. मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, घरांत वाटण्या झाल्या, जुन्या जिनिंगचे बंगले पडायला आले, की तिथले पलंग, कपाटं, टेबलं आधी बैलबंडीत आणि पुढे ट्रॅक्टरवर घालून लोक मशीनवर आणायचे. "चिरून द्या, दोन खिडक्यांच्या चौकटी निघतील." असं लाकूड आता मिळत नाही हे त्यांनाही ठाऊक असायचं. फक्त त्याचं टेबल असणं त्यांना नको असायचं. बाबा ते टेबल उलटं करायचे, खालून नखानं खरवडायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, "हे ठेवून जा. तुमच्या चौकटी मी माझ्या लाकडाच्या करून देतो."

अशा अदलाबदलीत आमचं घर भरलं. घर म्हणजे बस स्टँडच्या मागे सिमेंटच्या चार खोल्या आणि पुढे जाळीचा व्हरांडा. त्यात मच्छरदाणीचे कोरीव दांडे असलेला पलंग होता, संगमरवरी पाटाचं गोल टेबल होतं, माणसाच्या उंचीचा आरसा होता, लंबकाचं घड्याळ, पितळेच्या हंड्या, शिसवी पेटी. आणि एक आरामखुर्ची होती, वेतानं विणलेली, लांब हातांची. त्या हातांच्या खालून आणखी दोन फळ्या बाहेर फिरायच्या, पाय टाकून पडायला. आम्ही तिघं भावंडं सतरंजीवर झोपायचो, कारण पलंग ज्या खोलीत होता तिथे पलंगाशिवाय काही मावत नव्हतं, आणि पलंगावर झोपायची परवानगी फक्त पाहुण्यांना होती.

आईला ते सामान कधी आवडलं नाही. "लोकायचं उष्टं," असं ती म्हणायची. "कोन कोनच्या पलंगावर मेलं असीन, अन् मी त्याची धूळ पुसून राहिली." पण पुसायची. रोज पुसायची. दिवाळीच्या आधी जवसाच्या तेलात चिंधी बुडवून एकेक पाय, एकेक कोरीव फूल घासायची, आणि भाऊबीजेपर्यंत तिच्या हातच्या चकल्यांनासुद्धा जवसाचा वास यायचा. बाबा म्हणायचे, "तुझ्यामुळे टिकलं हे सगळं." ती चिंधी पुन्हा तेलात बुडवायची.

आयुष्यभर लाकडाचा भुसा नाकात गेल्यामुळे असेल, बाबांची छाती शेवटी निकामी झाली. त्यांना आडवं झालं की श्वास यायचा नाही. मग ते त्या आरामखुर्चीतच झोपायला लागले, पाठीशी दोन उशा लावून. आई खाली चटई टाकायची आणि एक हात वर करून खुर्चीच्या पायाला धरून झोपायची. मी रजा काढून गेले होते तेव्हा पाहिलं होतं. विचारलं, "असा हात अवघडत नाही का?" तर म्हणाली, "त्याईनं हालचाल केली का समजते मले." त्याच खुर्चीत एका सकाळी ते गेले. आई चहा घेऊन गेली होती.

त्यानंतर आई त्या खुर्चीत बसायला लागली. आधी कधीच बसली नव्हती.

मी पांढुर्ण्याला सरकारी शाळेत शिकवते. नवरा वीज विभागात आहे. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, नागपूरला गाड्यांच्या शोरूममध्ये मॅनेजर, आणि धाकटा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. पांढुर्णा जिल्हा झाला आणि सगळीकडे जमिनीचे भाव चढले, सौसरलाही. बस स्टँडजवळची जागा, पुढे रस्ता. बाबा गेल्यावर मशीन बंदच होती, ती जागा पहिली गेली. मग घरालाही गिऱ्हाईक आलं. दादा म्हणाला, "आई आता एकटी कुठं राहणार? माझ्याकडे नागपूरला राहील." धाकट्यानं पुण्याहून फोन करून आईला विचारलं, "चालेल ना तुला?" आई म्हणाली, "जसं तुम्ही म्हनान तसं." एवढीच तिची संमती.

कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी मीही गेले होते. आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात. त्यात काही विचारायचं असतं असं कोणाला वाटत नाही. दिवाळीला बोलावतात, साडीचोळी करतात, झालं. मी सही केली. आईनंही केली. दादानं बोट ठेवलं, तिनं त्याच्या बोटाखाली नाव लिहिलं, आणि बाहेर येऊन आम्ही चौघं उसाचा रस प्यालो. दादानं आईला बर्फ टाकू दिला नाही, तिचा घसा धरतो म्हणून. इतका तो काळजी घेणारा. म्हणूनच पुढचं मला अजून नीट गिळता येत नाही.

सामानाचं काय करायचं, हा प्रश्न वहिनीनं काढला. तिची चूक नव्हती. नागपूरचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, आणि तो पलंग लिफ्टमध्ये उभा केला असता तरी गेला नसता. दादानं जुन्या वस्तूंचा एक व्यापारी शोधला. तो नागपूरहून आला, चारी खोल्यांतून फिरला, खाली वाकून टेबलाचे पाय पाहिले, मोबाइलवर फोटो काढले. आधी त्यानं सगळ्याचा मिळून एक भाव सांगितला. दादानं नकारार्थी मान हलवल्यावर तो म्हणाला, "मग इथंच हर्रास करू. घरातून निघालेला माल दिसला की लोक जास्त देतात. दुकानात ठेवला की तोच माल त्यांना संशयाचा वाटतो." त्यानं फोटो कुठकुठल्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'प्राचीन मालगुजारी हवेलीतील दुर्मिळ अँटिक.' दादानं तो मेसेज आम्हाला वाचून दाखवला आणि आम्ही हसलो. आमच्या सिमेंटच्या चार खोल्या! धाकटा म्हणाला, "बाबांनी ऐकलं असतं तर मालगुजारासारखी मिशी ठेवली असती." आईसुद्धा हसली. त्या वेळी ती हसली, हे मला आठवतं.

लिलावाच्या दिवशी बिछायत केंद्रातून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. अंगणात कापड लावलं. व्यापाऱ्याची दोन माणसं प्रत्येक वस्तूवर नंबरची चिठ्ठी चिकटवत घरभर फिरत होती. मी स्वयंपाकघरात होते, तिथेही एक जण आला आणि आईच्या पाट्यावर चिठ्ठी लावून गेला. आई पोह्यांवर सांभार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकत होती. ती म्हणाली, "अवं, हा पाटा काहून? मी त्याच्यावर चटणी वाटतो."

बाहेरून व्यापारी म्हणाला, "माताजी, दगडाचे आयटम पण जातात आता. कॅफेवाले घेतात, दाराशी ठेवाले."

आईनं चिठ्ठी काढली नाही. पाटा उचलून मोरीत नेला, त्यावरची कालच्या चटणीची लाली घासून धुतली आणि परत जागेवर ठेवला. तो विकायचाच असेल तर स्वच्छ असावा, असं तिला वाटलं असावं.

गावातले लोक आले होते. काही घ्यायला, बरेचसे पाहायला. ज्या बायका एरवी "काकू, येऊ का?" म्हणून दारातून विचारायच्या, त्या आता न विचारता कपाटं उघडून आतून हात फिरवत होत्या. एक जण त्या उंच आरशासमोर उभी राहून केसांची बट नीट करत होती. एकीनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पितळेची मोठी हंडी तुझ्या वाट्याची नाही ना? नाही तर मी बोली लावत नाही." माझ्या वाट्याचं काहीच नाही, असं मी तिला सांगितलं. तिला बरं वाटलं.

बाहेरगावची गिऱ्हाइकं वेगळी दिसत होती. नागपूरची एक बाई होती, घरं सजवून देणारी. आणि एक गृहस्थ होता, पेंचच्या जंगलाच्या बाजूला त्याचं रिसॉर्ट होतं. पांढरे कपडे, मऊ बोलणं. तो प्रत्येक वस्तूला हात लावायच्या आधी विचारायचा, "पाहू का?" त्या दिवशी एवढं विचारणारा तो एकटाच होता, हेही सांगायला हवं.

घड्याळ आधी गेलं. मग आरसा. व्यापारी व्हरांड्याच्या पायरीवर उभा राहून बोली पुकारत होता, "एक बार, दो बार," आणि तीन म्हणताना हातातल्या डायरीवर पेन आपटत होता. काम भराभर चाललं होतं. दादा दारात उभा होता. प्रत्येक 'तीन बार'नंतर तो धाकट्याकडे पाहायचा आणि धाकटा भुवया उंचवायचा. दोघं खुश होते. मला राग नव्हता आला तेव्हा. खरंच सांगते, मीही आकडे ऐकून चकित होत होते. आम्ही ज्याच्यावर ओले टॉवेल टाकायचो त्याला लोक एवढे पैसे देतात!

मग आई बाहेर आली. पदराला हात पुसत आली, व्हरांड्यात भिंतीशी ठेवलेल्या आरामखुर्चीपाशी गेली आणि बसली. कोणाचं लक्ष नव्हतं. तिनं पाठ टेकली, दोन्ही हात खुर्चीच्या लांब हातांवर ठेवले. चिठ्ठी तिच्या उजव्या मनगटाखाली आली.

गोल टेबल रिसॉर्टवाल्यानं घेतलं. त्यानंतर व्यापाऱ्यानं डायरीत पाहिलं आणि म्हणाला, "आता आरामखुर्ची. ओरिजनल वेत, अस्सल साग, एक सांधा हललेला नाही. माताजी, जरा उठता का?"

आई उठली नाही. म्हणाली, "राहू दे ना बापा. बसल्या बसल्या दिसते ते."

लोक हसले. व्यापारीही हसला. "ठीक आहे. बसून दाखवून राहिल्या माताजी, किती मजबूत आहे ते." आणि त्यानं पुकारा सुरू केला. नागपूरच्या बाईनं पहिली बोली लावली. रिसॉर्टवाल्यानं वाढवली. बाईनं पुन्हा वाढवली. तेवढ्यात आई स्पष्ट आवाजात म्हणाली, "त्याच्यावर माही हजार रुपये धरा."

पुन्हा हसू आलं लोकांना. दादाही हसला. "आई, गंमत नको करू."

"गंमत नाही करून राहिली. माही बोली घ्या म्हनतो मी."

व्यापाऱ्यानं समजुतीच्या स्वरात सांगितलं, "माताजी, मालकानं बोली लावायची नसते. घरचाच माणूस भाव वाढवतो असं गिऱ्हाइकाला वाटते. मंग ते उठून जाते."

आई त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं जे विचारलं ते मी तिच्या तोंडून कधी ऐकेन असं मला वाटलं नव्हतं. ती चौथी शिकलेली. बाबांसमोर तिनं कधी आवाज चढवलेला नाही. ती म्हणाली, "मंग हे सांगा, मी मालक हाव का नाही? मालक असीन तर हे खुर्ची मले इकायची नाही. अन् मालक नसीन तर माही बोली घ्या."

हसणं थांबलं. व्यापाऱ्यानं दादाकडे पाहिलं. दादा दारातून तिच्याजवळ आला. तो चिडला नव्हता, अवघडला होता. "आई, लोक आहेत. पैसे कुठून देशील तू?"

"माह्या हिश्श्यातून काप."

"तुझा कोणता हिस्सा?" दादानं विचारलं.

त्याच्या आवाजात हेटाळणी नव्हती. ती असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यानं खरोखरच्या नवलानं विचारलं, जसं एखाद्यानं आपल्या घरात नसलेली खोली मागावी. त्यानं हिशोब केलेला होता, त्या हिशोबात तो होता आणि धाकटा होता. आई ही नागपूरला न्यायची होती. तिला खोली होती, औषधं होती, दर महिन्याला डॉक्टर होता. सगळ्याची सोय त्यानं केली होती. हिस्सा हा शब्द तिच्या बाबतीत त्याच्या डोक्यातच आला नव्हता.

आईनं त्याच्याकडे वर पाहिलं. खुर्चीच्या हातांवरची बोटं तेवढी घट्ट झाली.

व्यापारी म्हणाला, "घरचं आधी निपटवून घ्या तुम्ही. तवर चहा होऊ द्या." लोक अंगणात पांगले, पण फार लांब गेले नाहीत. ऐकू येईल इतक्या अंतरावर उभे राहिले.

धाकटा आईच्या पायाशी उकिडवा बसला. तो लाडका. "आई, तुला मी नवी खुर्ची घेऊन देतो. बटण दाबलं की पाठ मागे जाते, पाय वर होतात. ही वेताची टोचते तुला, मला माहीत आहे." वहिनी म्हणाली, "लिफ्टमध्ये जाणार नाही हो आई, मोजून पाहिली मी." दोघंही खरं बोलत होते. ती खुर्ची टोचायची आणि लिफ्टमध्ये जाणार नव्हती. आई दोघांचं ऐकत होती आणि समोर गेटकडे पाहत होती.

मी दादाला म्हणाले, "मग मी घेते. पांढुर्ण्याला व्हरांडा आहे माझा, तिथे राहील. आई येईल तेव्हा बसेल."

"घे ना," दादा म्हणाला. "बोली लाव. हक्क सोडल्याची तुझी सही झाली आहे, तुला लावता येते." आणि व्यापाऱ्याला ओरडून सांगितलं, "ही आमची बहीण, पण हिचा माल नाही. हिची बोली चालेल."

इतक्या लोकांत माझ्या सख्ख्या भावानं माझी ओळख करून दिली ती अशी. मला अजून झोंबतं ते हेच वाक्य. पण तेव्हा मी बोली लावली. नागपूरच्या बाईनं हात आखडता घेतला. रिसॉर्टवाला मात्र थांबला नाही. मी वाढवलं, त्यानं वाढवलं. मी पुन्हा वाढवलं. तो प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहून किंचित मान लववायचा, जणू माफी मागत असावा, आणि वाढवायचा. मग माझ्या कोपराला हात लागला. माझा नवरा शेजारी येऊन उभा राहिला होता. "खुर्चीसाठी?" तो हळू आवाजात म्हणाला. एवढंच. पोराचं कोचिंग, गाडीचा हप्ता, सगळं त्या एका शब्दात होतं. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

मी पुढची बोली लावली नाही. व्यापाऱ्यानं डायरीवर पेन आपटलं.

आई बसूनच राहिली. रिसॉर्टवाल्याची दोन माणसं खुर्ची उचलायला आली आणि तिच्यासमोर उभी राहिली. ती हलली नाही. त्यांनी आपल्या मालकाकडे पाहिलं. तो म्हणाला, "असू द्या, घाई नाही." मग बाकीचा लिलाव तिच्या आजूबाजूनं चालू राहिला. पेटी गेली, हंड्या गेल्या. पलंगाचे दांडे सुटे करून तिच्या पायांवरून ओलांडून बाहेर नेले. तिनं पाय आत घेतले तेवढे. पाटासुद्धा गेला. कोणी तिला ऊठ म्हणालं नाही. दादानं मोबाइल कानाला लावून अंगणात फेऱ्या मारल्या. वहिनीनं पाण्याचा पेला आणून दिला, तो तिनं घेतला आणि सगळा प्यायली. ऊन जाळीतून तिच्या मांडीवर आलं आणि पुढे सरकलं. रिसॉर्टवाला टेम्पोच्या सावलीत उभा राहून घड्याळ पाहत होता.

आईला त्या वयात फार वेळ बसवत नव्हतं. मधुमेह होता. मला कळत होतं तिचं काय होतंय, तिच्या पायांची चाळवाचाळव दिसत होती. ती सहन करत होती. शेवटी तिनं मला जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, "मले मोरीत ने."

मी तिचा हात धरला. गुडघे आखडले होते, ती एकदम उठू शकली नाही. दोनदा प्रयत्न केला तेव्हा उठली. सगळे पाहत होते. मी तिला हळूहळू आत नेलं, मागच्या दारानं, न्हाणीघरापर्यंत. बाहेर उभी राहिले. आत पाण्याचा आवाज आला, पुढे टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. दोन्ही आवाज मी एकाच वेळी ऐकले आणि माझ्या जागी उभी राहिले. धावत पुढे जाऊन मी काय करणार होते?

आम्ही परत आलो तेव्हा व्हरांडा रिकामा होता. आईनं जिथे खुर्ची होती तिथे पाहिलं. "गेली?" म्हणाली. मी हो म्हणाले. ती बिछायतच्या एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तूच उठवलं मले."

"आई, तूच म्हणाली ना—"

"हो. मीच म्हनलं."

त्या संध्याकाळी भांडण झालं नाही. मी वाट पाहत होते भांडणाची. हॉटेलातून शेवभाजी आली, आम्ही सगळे जमिनीवर बसून जेवलो, कारण टेबल नव्हतं. दादानं बाबांच्या आठवणी काढल्या, कोणतं कपाट कोणत्या मालगुजाराकडून आलं ते सांगितलं. धाकट्यानं आईच्या ताटात बारीक करून पोळी टाकली. आई जेवली. तिला नागपूरला नेलं तेव्हा दादानं गाडीत तिच्या पाठीशी दोन उशा लावल्या.

पुढे काही दिवसांनी नवऱ्याच्या मोबाइलवर कुठून तरी फिरत एक फोटो आला. व्यापाऱ्याचा. झालेल्या विक्रीचे फोटो तो आपली जाहिरात म्हणून टाकतो. त्यात आमची खुर्ची होती, आणि खाली लिहिलं होतं की ती कोण्या इंग्रज कमिशनरच्या बंगल्यातली आहे. खुर्चीत बसलेलं माणूस फोटोतून पुसून टाकलेलं होतं, पण नीट पुसलेलं नव्हतं. खुर्चीच्या डाव्या हातावर माझ्या आईची चार बोटं तशीच राहिली होती, आणि साडीचा थोडा काठ. नवरा म्हणाला, "डिलीट कर, कशाला ठेवते." मी ठेवला आहे.

घर पाडून झालं. जागा अजून तशीच पडली आहे, मधे कोणी कॉम्प्लेक्सचा बोर्ड लावून गेलं. दादा आणि धाकटा दोघंही माझ्याशी चांगले वागतात. दिवाळीला साडी येते, आता जरा भारीतली येते. पोळ्याला फोन येतो. बाहेरच्या माणसाला विचारलं तर आमच्यासारखं एकोप्याचं घर नाही.

गेल्या महिन्यात मी नागपूरला गेले. संत्री नेली होती आणि आईला आवडते म्हणून सांभारवडी. धाकट्यानं कबूल केल्याप्रमाणे बटणाची खुर्ची पाठवलेली आहे. आई तिला घाबरते. एकदा तिचे पाय वर गेले आणि खाली येईनात, तेव्हापासून बसत नाही. त्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे असतात. आई सोफ्यावर बसते. सोफा इतका मऊ आहे की ती त्यात रुतते आणि तिला उठवायला दोन माणसं लागतात, म्हणून ती शक्यतो उठत नाही.

मी गेले तेव्हा शेजारची एक बाई तिच्याजवळ बसली होती. आई तिला सांगत होती, "लई सामान होतं आमच्या घरी. मले त्रास नको म्हनून माह्या पोरायनं सगळं इकून टाकलं. माहे पोरं लई चांगले." बाई कौतुकानं मान हलवत होती. मग आईनं मला दारात पाहिलं. मी पिशवी खाली ठेवली, तिच्या पाया पडले. तिनं डोक्यावर हात ठेवला.

"काय न्यायले आली?" तिनं विचारलं.

शेजारची बाई हसली, तिला ती म्हातारीची थट्टा वाटली. मीही हसले. काय करणार होते? सांभारवडीचा डबा उघडला, एक तुकडा मोडून आईच्या हातावर ठेवला. तिनं तो उलटून पाहिला, वास घेतला आणि डब्यात परत ठेवून दिला. म्हणाली, तिला आता तळलेलं चालत नाही, दादानं बंद केलं आहे.